टॅग लावताना पडणारे प्रश्न: ‘सांबार’ लिहू की ‘कोथिंबीर’?

नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या वाचनालयाचा एक सामायिक ऑनलाइन संग्रह आहे. जुनी छायाचित्रं, लेखांचे दुवे, विद्यापीठाच्या प्रश्नपत्रिका, घरातल्या पाककृती, ज्याच्याकडे जे असेल ते तो त्यात टाकतो आणि टॅगही त्याचे तोच लावतो. तालिकेचं काम माझ्याकडे असल्यामुळे टॅगबद्दलचे प्रश्नही माझ्याकडेच येतात. कोणी काउंटरवर विचारतं, कोणी फोनवर, तर कोणी जिन्यात गाठून. बरेचसे प्रश्न तेच ते असतात, म्हणून उत्तरं एकदा नीट लिहून ठेवते आहे.

टॅग म्हणजे नेमकं काय? फोल्डर असताना तो कशाला हवा?

एखादी गोष्ट पुन्हा सापडावी म्हणून तिला आपल्याच शब्दांत बांधलेली खूणचिठ्ठी म्हणजे टॅग. फोल्डर कपाटाच्या कप्प्यासारखा असतो. वस्तू एका वेळी एकाच कप्प्यात राहते. फुटाळ्यावरचा एखादा लेख ‘तलाव’ या कप्प्यात ठेवला की ‘भोसलेकाळ’ या कप्प्यात शोधणाऱ्याला तो दिसत नाही. टॅग मात्र एकाच लेखाला चार लावता येतात: ‘फुटाळा’, ‘तेलंगखेडी तलाव’, ‘भोसलेकाळ’, ‘पाणीपुरवठा’. चौघांपैकी कोणत्याही वाटेनं आलं तरी लेख तोच.

आतली यंत्रणा साधी आहे. प्रत्येक टॅगसमोर त्या टॅगच्या नोंदींची एक यादी असते. तुम्ही ‘भोसलेकाळ’ आणि ‘तलाव’ हे दोन टॅग एकदम निवडले की संगणक दोन्ही याद्या समोरासमोर धरतो आणि दोन्हींत असलेल्या नोंदी तेवढ्या पुढे ठेवतो. तो लेखाचा अर्थ वाचत नाही, फक्त शब्द जुळवून बघतो. पुढची जवळजवळ सगळी उत्तरं या एका गोष्टीवर उभी आहेत, म्हणून ती लक्षात असू द्या.

संत्र्याला मिळालेला जीआय टॅग तो हाच का?

नाही. नागपूरच्या संत्र्याला २०१४ मध्ये मिळालं ते भौगोलिक मानांकन. ती १९९९ च्या कायद्याखालची सरकारी नोंदणी आहे आणि ते नाव कोणी वापरायचं हे ती नोंदणी ठरवते. गाडीच्या काचेवरचा फास्टॅग तर टोलसाठी. इथल्या टॅगवर कोणाचीही मालकी नसते. ज्याला जो शब्द सुचेल तो त्यानं लावावा.

ही पद्धत सुरू कधी झाली?

शब्दांच्या खुणा करण्याची सवय जुनीच आहे. पण प्रत्येकानं आपल्या खुणा आपल्या शब्दांत लावायच्या आणि त्या सगळ्यांनी पाहायच्या, असं मोठ्या प्रमाणावर झालं ते ‘डिलिशस’ या संकेतस्थळामुळे. जोशुआ शॅक्टर यांनी ते २००३ मध्ये सुरू केलं. आपल्याला आवडलेल्या पानांचे दुवे तिथं साठवायचे, त्यांना टॅग लावायचे आणि तोच टॅग इतरांनी कशाकशाला लावलाय ते बघायचं. पुढच्याच वर्षी, २००४ मध्ये, ‘फ्लिकर’ आलं आणि छायाचित्रांना टॅग लागू लागले. त्याच वर्षी थॉमस वांडर वाल यांनी या प्रकाराला ‘फोक्सॉनॉमी’ हे नाव दिलं, म्हणजे लोकांनी केलेलं वर्गीकरण. मी ‘लोकवर्गीकरण’ म्हणते आणि आमच्याकडे तो शब्द रुळलाही आहे.

हॅशटॅग त्यानंतरचा. २३ ऑगस्ट २००७ रोजी ख्रिस मेसिना यांनी ट्विटरवर एक साधी सूचना मांडली, की गटाचं नाव सांगायला शब्दाआधी # लावलं तर? कंपनीनं सुरुवातीला ते मनावर घेतलं नाही, पण लोकांनी वापरायला सुरुवात केली. २००९ मध्ये ट्विटरनं असे शब्द दुव्यांत बदलायला सुरुवात केली. ही कल्पना वापरणाऱ्यांकडून वर गेली, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

प्रत्येकजण मनाला येईल ते लिहिणार. मग गोंधळ होत नाही का?

हा प्रश्न ग्रंथालयवाले सगळ्यात आधी विचारतात आणि प्रश्न रास्त आहे.

आधी गोंधळ किती खरा आहे ते पाहू. १९८७ मध्ये जॉर्ज फर्नस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लोक वस्तूंना आणि कृतींना कोणती नावं देतात ते तपासलं. दोन माणसं एकाच गोष्टीसाठी आपणहून एकच शब्द निवडण्याची शक्यता २० टक्क्यांहूनही कमी निघाली. म्हणजे मी माझ्या एकाच ‘योग्य’ शब्दाखाली एखादी गोष्ट ठेवली, तर तुम्ही पहिल्या फटक्यात तिथवर पोहोचण्याची आशा पाचात एकही नाही. त्यांनी सुचवलेला उपाय सोपा होता: एकच अचूक शब्द शोधत बसू नका, एका गोष्टीला भरपूर नावं लावू द्या. टॅगिंगनं पुढे तेच केलं.

आता दुसरी बाजू. स्कॉट गोल्डर आणि बर्नार्डो ह्यूबरमन यांनी डिलिशसवरच्या टॅगचा अभ्यास केला. एखादं पान साधारण पहिल्या शंभरेक लोकांनी टॅग करून झालं की कोणत्या टॅगचा वाटा किती, हे प्रमाण जवळपास स्थिर होतं असं त्यांना दिसलं. नंतर आणखी हजार माणसं आली तरी वरचे चार-पाच शब्द तेच राहतात. कोणी बैठक घेतली नव्हती, नियम केले नव्हते. इतरांनी काय लिहिलंय ते लोकांना दिसतं, शिवाय सगळ्यांची भाषा बरीचशी सामायिक असते, त्यामुळे तसं होतं.

आमच्यासारख्यांनी मात्र एक फरक ध्यानात ठेवायला हवा. डिलिशसवर एकाच पानाला हजारो लोक टॅग लावायचे. आमच्या संग्रहात एका छायाचित्राला ज्यानं ते टाकलं तो, आणि फार तर आणखी दोघं टॅग लावतात. तीन माणसांत मोठ्या संख्येची ती स्थिरता येत नाही. छोट्या संग्रहात शब्द आपोआप सावरतील या भरवशावर राहू नका. तिथं कोणीतरी हातानं जोडकाम करावं लागतं. ते कसं, ते पुढे येईलच.

मग ग्रंथालयातलं वर्गीकरण मोडीत काढायचं का?

अजिबात नाही. पुस्तक शेल्फवर एकाच जागी उभं राहतं, त्याला एक पत्ता लागतो. मेलव्हिल ड्यूई यांनी १८७६ मध्ये दिलेली दशांश पद्धत तो पत्ता देते. तिच्यात मराठी साहित्य ८९१.४६ वर आहे आणि ही पद्धत वापरणाऱ्या कोणत्याही गावी ते तिथंच सापडेल. टॅगला ही शिस्त कधी जमणार नाही.

पण पत्ता एकच असल्याची अडचणही आहे. दीक्षाभूमीवरचं पुस्तक कुठं ठेवायचं? २९४.३ मध्ये, म्हणजे बौद्ध धर्मात? सामाजिक चळवळींत? भारताच्या इतिहासात? की नागपुरात? मी ते धर्मात ठेवलं तर इतिहासाच्या शेल्फपाशी उभ्या असलेल्या मुलाला ते दिसत नाही. शिवाय ड्यूईंची मांडणी त्यांच्या काळाची आणि त्यांच्या समाजाची आहे. २०० ते २९९ या धर्माच्या वर्गात २२० ते २८९ एवढी जागा बायबल आणि ख्रिस्ती धर्माची, आणि जगातले बाकी सगळे धर्म २९० मध्ये दाटीवाटीनं बसवलेले.

यावर आपल्याच माणसानं फार सुंदर विचार केला होता. शियाळी रामामृत रंगनाथन मूळचे गणिताचे प्राध्यापक, १९२४ मध्ये मद्रास विद्यापीठाच्या ग्रंथालयात आले. १९३३ मध्ये त्यांनी द्विबिंदू वर्गीकरण मांडलं. विषयाचे तयार कप्पे करण्याऐवजी त्यांनी विषयाचे पैलू वेगळे काढले आणि पुढे ते पाचांत मांडले: व्यक्तित्व, द्रव्य, ऊर्जा, स्थळ आणि काळ. हे पैलू जोडून हवा तो विषय उभा करायचा. मला टॅगिंगमध्ये रंगनाथनच दिसतात. आमच्या मुलांना मी सांगते, टॅग सुचत नसेल तर पाच प्रश्न विचारा. कशाबद्दल आहे? कशाचं बनलंय? त्यात काय चाललंय? कुठलं आहे? कधीचं आहे?

‘सांबार’ असा टॅग एका पाककृतीला लागलाय. तो बदलून ‘कोथिंबीर’ करू का?

हा प्रश्न खरोखर आला होता आणि त्यावरून वाचनालयात अर्धा तास चर्चा रंगली.

झालं असं, की एका काकूंनी सांबारवडीची कृती टाकली आणि टॅग लावले: ‘सांबार’, ‘सांबारवडी’, ‘हिवाळा’. आपल्याकडे सांबार म्हणजे कोथिंबीर, हे नागपूरकराला सांगावं लागत नाही. पण पुण्याहून नोकरीसाठी आलेला एक वाचक इडलीबरोबरचं सांबार शोधत तिथं पोहोचला आणि त्यानं ‘टॅग चुकीचा आहे’ असं कळवलं. आणखी गंमत बघा, त्याच शोधात ‘सांबर’ही निघालं, कोणीतरी ताडोब्यात काढलेलं हरणाचं छायाचित्र. टाकणाऱ्यानं टॅगमध्ये एक काना जास्त दिला होता. भाजी, आमटी आणि हरीण एका रांगेत!

टॅग चुकीचा नव्हता. एका शब्दाचे इथं खरोखर दोन अर्थ आहेत. काकूंचा ‘सांबार’ काढून ‘कोथिंबीर’ केला असता तर पुण्याच्या वाचकाची सोय झाली असती, पण विदर्भातल्या प्रत्येक घरात जो शब्द आहे तो आमच्याच संग्रहातून पुसला गेला असता. उद्या काकूंची नात तीच कृती शोधायला बसली तर ‘सांबार’च टाइप करणार. म्हणून आम्ही ‘सांबार’ ठेवला आणि शेजारी ‘कोथिंबीर’ जोडला. आमटीच्या कृतीला ‘सांबार’बरोबर ‘इडली’ आणि ‘दाक्षिणात्य’ लावले. हरणाचा तेवढा काना काढला.

अर्थ एकट्या टॅगमधून कळला नाही तरी शेजारच्या टॅगवरून कळतो. ‘सांबार’ आणि ‘वडी’ एकत्र आले की शंका उरत नाही. मोठ्या संकेतस्थळांवर ‘संबंधित टॅग’ दाखवतात तेही असंच निघतं: कोणते शब्द वारंवार एकत्र लागतात ते मोजून. ‘आलू’ आणि ‘बटाटा’, ‘फल्ली’ आणि ‘शेंगदाणे’ या जोड्यांचंही आम्ही हेच केलं. दोन्ही ठेवले.

एकाच जागेची दोन-तीन नावं असतील तर कोणतं लिहायचं?

सगळी. सरकारी पाटीवर मध्यवर्ती संग्रहालय असं लिहिलेलं असतं, पण नागपूरकराच्या तोंडी ते अजब बंगला. संग्रहालय १८६३ चं, आणि लोकांनी दिलेलं नाव आजही जिवंत आहे. रिक्षावाल्याला सीताबर्डी कोणी म्हणत नाही, ‘बर्डी’ म्हणतात. इंदिरा गांधी शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय आजही ‘मेयो’, आणि दुसरं शासकीय रुग्णालय नुसतं ‘मेडिकल’. अधिकृत नावंच ठेवली तर बाहेरच्याला सगळं सापडेल आणि गावातल्याला काहीच सापडणार नाही.

नावं बदलतात तेव्हा तर हे आणखीच गरजेचं. नागपूर विद्यापीठ १९२३ मध्ये स्थापन झालं, २००५ मध्ये त्याला राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचं नाव मिळालं. आमच्याकडच्या जुन्या प्रश्नपत्रिकांवर आधीचं नाव आहे, नव्या मुलांच्या बोटांवर मात्र ‘आरटीएमएनयू’. एक मुलगी दोन तास शोधून माझ्यापाशी आली, “मॅडम, सापडूनच नाही राहिलं.” पेपर संग्रहात होता. टाकणाऱ्यानं फक्त ‘नागपूर विद्यापीठ’ लिहिलं होतं. त्या संध्याकाळी बसून मी सगळ्या प्रश्नपत्रिकांना तिन्ही नावं लावली.

लोकांनी मिळून तयार केलेल्या ‘ओपनस्ट्रीटमॅप’ या नकाशाचं उदाहरण इथं शिकण्यासारखं आहे. २००४ मध्ये सुरू झालेला हा नकाशा पूर्णपणे टॅगवर चालतो. प्रत्येक जागेला ‘नाव’, ‘पर्यायी नाव’, ‘स्थानिक नाव’, ‘जुनं नाव’ असे वेगवेगळे टॅग लावता येतात आणि मराठी नावासाठी स्वतंत्र जागा आहे. अजब बंगला तिथं स्थानिक नाव म्हणून मानानं बसू शकतो. कोणतं नाव कोणत्या प्रकारचं आहे, एवढं सांगितलं की भांडणाचं कारण उरत नाही.

मराठीत टॅग शोधला तर काहीच येत नाही, पण टॅग डोळ्यांना दिसतोय! असं का?

याचं उत्तर थोडं लांब आहे, कारण आमचा सगळ्यात जास्त वेळ यात गेला आहे.

संगणक फक्त शब्द जुळवतो, हे आधी सांगितलं. त्याच्याकडे प्रत्येक अक्षराला एक क्रमांक असतो आणि तो खरं तर ते क्रमांक जुळवतो. आता ‘वऱ्हाड’ घ्या. यातला अर्धा र दोन पद्धतींनी टाइप होतो. काही कळफलक ‘ऱ’ हे वेगळं अक्षर घेऊन त्याला हलन्त देतात. काही कळफलक साधा ‘र’, हलन्त आणि त्यापुढे रुंदी नसलेलं एक अदृश्य जोडचिन्ह टाकतात. पडद्यावर दोन्ही वऱ्हाड जुळ्या भावांसारखे दिसतात. संगणकाला मात्र ते दोन निराळे शब्द. आमच्याकडे ‘वऱ्हाडी बोली’ हा टॅग दोनदा दिसत होता, एकाखाली काही नोंदी, दुसऱ्याखाली वेगळ्याच. कितीदा डोळे ताणून पाहिलं तरी फरक सापडेना. शेवटी एका विद्यार्थ्यानं दोन्ही शब्द तोडून एकेक चिन्ह खाली लिहिलं, तेव्हा ते अदृश्य चिन्ह सापडलं.

‘ॲप’चंही तसंच. ‘ॲ’ हे स्वतंत्र अक्षर २००८ मध्ये युनिकोडमध्ये, म्हणजे अक्षरांना क्रमांक देणाऱ्या जागतिक तक्त्यात, आलं. त्याआधी आणि अजूनही पुष्कळ लोक ‘अ’वर चंद्र देऊन तेच लिहितात. दिसायला एक, जुळवायला दोन.

यात आणखी भर ऱ्हस्व-दीर्घाची. मराठीत ‘नागपूर’, हिंदीत ‘नागपुर’, आणि आपल्या शहरात दोन्ही भाषा एकाच घरात नांदतात. विभक्तीही आहेच: ‘नागपुरात’, ‘नागपूरचा’, ‘नागपुरी’. संत्र्याचं तर काही विचारू नका. ‘संत्रं’, ‘संत्रे’, ‘संत्रा’, ‘संत्री’, ‘संत्र्यांच्या बागा’ असे पाच टॅग एकाच फळासाठी आमच्याकडे आले आहेत.

तुम्ही काय करायचं? टॅग मूळ रूपात लिहा, प्रत्यय न लावता: ‘नागपूर’, ‘नागपुरात’ नको. टाइप करताना संग्रहातला आधीचा टॅग खाली सुचवला जातो. तो तुमच्या मनातला असेल तर तोच निवडा, पुन्हा टाइप करू नका. अदृश्य चिन्हांचा घोळ त्यातच निम्मा मिटतो. सुचवणी चुकीच्या शुद्धलेखनाची असेल तर मला कळवा.

संग्रह चालवणाऱ्यांनी काय करायचं? टॅग साठवण्याआधी तो एकाच रूपात आणून घ्यायचा. शब्द ओळखणाऱ्या प्रोग्रॅमकडेही नीट पाहायचं. इंग्रजी डोळ्यासमोर ठेवून लिहिलेले पुष्कळ प्रोग्रॅम काना-मात्रा-वेलांटीला अक्षर मानत नाहीत आणि शब्द मात्रेपाशीच तोडतात. ‘दीक्षाभूमी’चा हॅशटॅग ‘द’वर संपला तर दोष तुमच्या टायपिंगचा नसतो.

टॅग मराठीत लावू, इंग्रजीत, की मराठीच पण रोमन लिपीत?

आधी देवनागरीत. मग वाटलं तर इतर. फोनवर रोमनमध्ये टाइप करणारी मुलं पुष्कळ आहेत आणि त्यांनाही संग्रह सापडायला हवा. पण देवनागरी टॅग नसेल तर ती नोंद मराठीत शोधणाऱ्यासाठी अस्तित्वातच नसते. मराठी शब्द मराठी लिपीत ठेवणं ही आपलीच जबाबदारी आहे. ते दुसरं कोणी येऊन करणार नाही.

जोडशब्दांचं एक: डिलिशसवर रिकामी जागा म्हणजे टॅग संपला असं होतं, त्यामुळे लोक शब्द चिकटवून लिहायला शिकले. हॅशटॅगनं तीच सवय पुढे चालवली. रोमन लिपीत प्रत्येक शब्दाचं पहिलं अक्षर मोठं काढून वाचता येतं, देवनागरीत मोठं अक्षर नाही. म्हणून ‘धम्मचक्रप्रवर्तनदिन’ न लिहिता खालची रेघ वापरा: ‘धम्मचक्र_प्रवर्तन_दिन’. हॅशटॅगला ती चालते. आमच्या संग्रहात तर सरळ जागा सोडून लिहा.

किती टॅग लावावेत?

चार ते सात. ‘स्टॅक ओव्हरफ्लो’ या संगणकतज्ज्ञांच्या संकेतस्थळावर एका प्रश्नाला पाचच टॅग लावता येतात आणि त्या मर्यादेमुळे लोक विचार करून लिहितात. छायाचित्राला थोडे जास्त चालतात, कारण त्यात शोधायला मजकूरच नसतो.

‘छान’, ‘वाचायचंय’, ‘परीक्षेआधी’ असे टॅग चालतील का?

तुमच्या स्वतःच्या यादीत खुशाल चालतील. डिलिशसवर ‘वाचायचंय’ या अर्थाचा टॅग अतिशय लोकप्रिय होता. तो वस्तूबद्दल काही सांगत नाही, तुमच्याबद्दल सांगतो, आणि तोही खरा उपयोग आहे. फक्त तो ‘खासगी’ म्हणून ठेवा.

धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या छायाचित्रांना ‘दसरा’ असा टॅग लावला तर काही जण नाराज झाले. कोणाचं खरं?

बाबासाहेबांनी दीक्षा घेतली तो दिवस १४ ऑक्टोबर १९५६, आणि त्या वर्षी त्या दिवशी विजयादशमी होती. म्हणून दीक्षाभूमीवर विजयादशमीलाही सोहळा होतो आणि १४ ऑक्टोबरलाही लोक येतात. टॅग लावणाऱ्यानं तिथीवरून ‘दसरा’ लिहिलं. त्याच्या मनात काही वावगं नव्हतं.

तरी माझं मत स्पष्ट आहे. ज्या लोकांचा तो दिवस आहे, ते त्याला जे नाव देतात ते पहिलं. दीक्षाभूमीवर मुक्कामाला आलेला माणूस त्या दिवसाला ‘धम्मचक्र प्रवर्तन दिन’ किंवा ‘अशोक विजयादशमी’ म्हणतो. आम्ही तेच टॅग ठेवले आणि ‘१४ ऑक्टोबर’ जोडला. ‘दसरा’ काढला, कारण तो राहिला असता तर ही छायाचित्रं रावणदहनाच्या छायाचित्रांच्या रांगेत जाऊन बसली असती, आणि तो अर्थ पूर्णपणे चुकीचा झाला असता. ‘सांबार’च्या वेळी आम्ही टॅग ठेवला आणि इथं काढला, यात विसंगती नाही. तिथं शब्द त्या वस्तूच्या माणसांचा होता, इथं बाहेरचा.

याला जोडूनच: कोणाच्या चेहऱ्यावरून, पेहरावावरून किंवा आडनावावरून जात-धर्माचा टॅग लावू नका. लहान मुलांची नावं आणि घराचे पत्ते टॅगमध्ये नकोत. असे टॅग मी न विचारता काढते.

कोणी मुद्दाम खोटे टॅग लावले तर?

लावतात. पूर्वी संकेतस्थळांचे मालक आपल्या पानाच्या पोटात लपवून हवे ते शब्द भरायचे, शोधात वर यावं म्हणून. त्याचा इतका अतिरेक झाला, की हे लपवलेले शब्द क्रमवारीसाठी आपण वापरत नाही असं गुगलनं २००९ मध्ये जाहीर केलं. उघड्यावरच्या टॅगमध्ये एक बरं असतं, ते सगळ्यांना दिसतात. आमच्याकडे प्रत्येक टॅगशेजारी तो कोणी लावला ते दिसतं आणि तेवढ्यानंच बहुतेक काम होतं.

आता संगणक छायाचित्र पाहून आपोआप टॅग लावतो. माणसानं कशाला कष्ट घ्यायचे?

‘झाड’, ‘माणूस’, ‘पाणी’, ‘इमारत’ हे तो चांगलं ओळखतो. हजारो छायाचित्रांचा ढीग असेल तर पहिला हात त्याला फिरवू द्या. पण २०१५ मध्ये फ्लिकरच्या स्वयंचलित यंत्रणेनं दाखाउच्या छळछावणीच्या छायाचित्राला मुलांच्या खेळाच्या लोखंडी सांगाड्याचा टॅग लावला होता. गज दिसले, म्हणून खेळ. तिथं काय झालं होतं ते छायाचित्राच्या आकारांत नसतं, माणसांच्या आठवणीत असतं.

समानार्थी टॅग जोडायचं काम तुम्ही नेमकं कसं करता?

दोन नमुने आमच्यासमोर होते. स्टॅक ओव्हरफ्लोवर समानार्थी टॅग एका मुख्य टॅगमध्ये विलीन करतात. तुम्ही दुसरा शब्द लिहिला तर तो बदलून मुख्य शब्द लागतो. तांत्रिक विषयाला हे ठीक आहे.

दुसरा नमुना आवडत्या पुस्तकांवर-चित्रपटांवर चाहत्यांनी लिहिलेल्या कथा जपणाऱ्या ‘आर्काइव्ह ऑफ अवर ओन’ या संकेतस्थळाचा. तिथं लिहिणाऱ्यानं लावलेला टॅग त्याच्याच शब्दांत, जसाच्या तसा दिसत राहतो. स्वयंसेवकांचा एक मोठा गट पडद्यामागे बसून हा टॅग आणि तो टॅग एकाच अर्थाचे आहेत असं जोडत असतो. कोणताही एक शोधला तरी दोन्हींखालचं सगळं निघतं. लिहिणाऱ्याचा शब्द कोणी पुसत नाही. शोधणाऱ्याचंही अडत नाही.

आम्ही दुसरा नमुना उचलला, आमच्या ऐपतीप्रमाणे. एक साधी तक्ता-फाइल आहे. डावीकडे लोकांनी लिहिलेला शब्द, उजवीकडे त्याच्याशी जोडलेले शब्द. दर शनिवारी दुपारी तिघंजण बसून त्या आठवड्यात आलेले नवे टॅग वाचतात. ‘बर्डी’समोर ‘सीताबर्डी’, ‘अजब बंगला’समोर ‘मध्यवर्ती संग्रहालय’. शंका आली तर टॅग लावणाऱ्याला फोन करतात. तासाभराचं काम असतं. हाताशी वेळ असेल त्यांनी जरूर यावं, चहा आमच्याकडे.

संकेतस्थळच बंद पडलं तर?

पडतात. डिलिशस २००५ मध्ये याहूनं घेतलं, २०११ मध्ये दुसऱ्यांना विकलं, आणि हात बदलत बदलत २०१७ मध्ये ते ‘पिनबोर्ड’कडे गेलं. नव्या खुणा घेणं तेव्हाच थांबलं. आम्ही दर महिन्याला सगळ्या नोंदी आणि टॅग साध्या मजकुराच्या फाइलमध्ये उतरवून दोन ठिकाणी ठेवतो. तुमचे स्वतःचे टॅग कुठंही असोत, ते उतरवून घेता येतात का, हे पहिल्याच दिवशी तपासा.

घरी आजोबांच्या पेटीत जुने फोटो आहेत. सुरुवात कुठून करू?

फोटो उलटा करा आणि मागं लिहिलेलं आधी टिपून घ्या. स्टुडिओचा शिक्का, वर्ष, पेन्सिलीनं लिहिलेलं एखादं नाव. मग घरातल्या सगळ्यात वडीलधाऱ्या माणसाशेजारी बसा.

अमेरिकेच्या काँग्रेस ग्रंथालयानं जानेवारी २००८ मध्ये हेच मोठ्या प्रमाणावर केलं होतं. आपली सुमारे ३,००० जुनी छायाचित्रं फ्लिकरवर ठेवली आणि लोकांना टॅग लावायला सांगितलं. जागा, माणसं, यंत्रं लोकांनी ओळखून दिली आणि पडताळून त्यातली माहिती ग्रंथालयाच्या नोंदींतही गेली.

आमच्याकडे एक काळा-पांढरा फोटो होता: गर्दी, मधोमध एक उंच आकृती, मागं लाकडी सज्जा. टॅग होते ‘मिरवणूक’, ‘उत्सव’, ‘नागपूर’. वाचनालयात नातवाला घ्यायला आलेल्या एका आजींनी पडद्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, “अगं, ही तर मारबत! पोळ्याच्या करीची.” मारबत म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मिरवणुकीनं नेतात तो पुतळा. आजी मग खुर्ची ओढून बसल्या आणि ‘इडा पीडा घेऊन जा गे मारबत’ म्हणून दाखवलं. कोपऱ्यातलं कागदी डोकं बडग्याचं, म्हणजे मारबतीबरोबर निघणाऱ्या दुसऱ्या पुतळ्याचं, आहे हेही त्यांनीच सांगितलं. मी टाइप करत होते: ‘मारबत’, ‘बडग्या’, ‘पोळ्याची कर’, ‘तान्हा पोळा’. सज्जा कोणाच्या वाड्याचा तेही त्यांना आठवत होतं, पण नाव ओठांवर येईना. ‘घरी जाऊन विचारते’ म्हणाल्या. तो टॅग अजून रिकामा आहे. महालातला जुना वाडा तुम्हाला ओळखू आला तर नोंद उघडा आणि लिहा.